गाय एकटी असल्यास हरकत नाही

श्यामकांत गायतोंडे आयुष्यात एकदाच रंगमंचावर गेले, आणि तेही गाईमुळे. त्या एका सकाळपायी त्यांच्या नावे कार्यालयात सात पानांची फाइल झाली आणि पोलिसांकडे एक पान. माणूस खरं तर अगदी निरुपद्रवी. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात अधीक्षक, बदलीवर कलकत्त्याला येऊन आठ वर्षं झालेली, गरियाहाटजवळ दुसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर, आणि ट्रामच्या पहिल्या वर्गात बसायची ऐपत असून दुसऱ्या वर्गात बसायची सवय. अशा माणसाच्या वाट्याला पोलीस येतात ते पाकीट मारलं गेलं तरच. पण एकदा आडनावातच गाय आणि तोंड दोन्ही घेऊन जन्माला आल्यावर माणसानं किती सांभाळून राहायचं?

आडनावावरून शाळेत त्यांचा जो काही छळ झाला तो सांगत बसत नाही. एवढंच सांगतो की इयत्ता पाचवीत त्यांना एक शोध लागला. गाईवरचा विनोद दुसऱ्यानं करण्याआधी आपणच केला, तर दुसरा गप्प बसतो. तेव्हापासून त्यांनी गाईवरच्या कोट्यांचा असा काही साठा केला की त्याला मर्यादा नाही, आणि दर्जाही नाही.

हा साठा कामी आला तो उज्ज्वलासाठी. उज्ज्वला त्यांची एकुलती मुलगी, कलकत्त्याला आली तेव्हा दोन वर्षांची, आता दहाची. शाळेत इंग्रजी, खेळायला बंगाली, दूधवाल्याशी हिंदी, आणि घरात मराठी. पण ही मराठी बाकी तिघींच्या गर्दीत जरा चेंगरलेली. बंगालीत पाणी पीत नाहीत, खातात. म्हणून उजूही पाणी खायची. बंगालीत तो, ती, ते असा भेदभाव नाही; म्हणून उजूच्या मराठीत ज्याला जे लिंग मिळेल त्यानं ते मुकाट्यानं घ्यावं. आदल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मराठी मंडळात तिची आई कालिंदीबाई तापामुळे जाऊ शकल्या नाहीत. उजू शेजारच्या बायकांबरोबर गेली आणि सर्वांसमोर म्हणाली, "माझा आई आजारी आहे. तो येणार नाही."

मुंबईहून नव्यानं बदलून आलेल्या बँकवाल्यांच्या मुली तिथे होत्या. त्या हसल्या. त्यातली स्मिता म्हणून जी थोरली होती, तिनं त्या दिवसापासून उजूचं नावच 'माझा आई' ठेवलं. उजूनं घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही. फक्त मराठी बोलायचं सोडलं. आईनं मराठीत विचारावं, तिनं बंगालीत उत्तर द्यावं. कालिंदीबाई लग्नाआधी साताऱ्याला शाळेत व्याकरण शिकवत. त्यांनी उपाय म्हणून रोज अर्धा तास लिंग-वचन-विभक्ती सुरू केली, आणि उजूनं बंगालीही कमी केली.

तेव्हा श्यामकांतांनी आपला साठा बाहेर काढला. संध्याकाळी कार्यालयातून आले की चहाचा कप हातात घेऊन ते अगदी गंभीरपणे विचारायचे, "उजू, चरता चरता गाय दिसेनाशी झाली. काय झाली?"

पहिले चार दिवस उत्तर आलं नाही. पाचव्या दिवशी पुस्तकाआडून आवाज आला, "गायब."

"तीन गाई एकत्र आल्या?"

"गायत्री."

"सामान कुठे ठेवते?"

"गोदामात."

"सुट्टीत कुठे जाते?"

"गोव्याला!"

"गोगलगाय दूध का देत नाही?"

"गॉगल लावून तिला बादली दिसत नाही!" आणि उजू खो खो हसली.

"अहो, हे काय शिकवताय तिला?" कालिंदीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"मराठी," श्यामकांत म्हणाले.

महिन्याभरात उजू स्वतः कोट्या करू लागली. त्या श्यामकांतांच्या कोट्यांहून वाईट होत्या, म्हणजे लक्षात घ्या. पण त्या मराठीत होत्या. इथवर सगळं घरात होतं आणि घरातच राहिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण एका रविवारी सदाशिवराव मुजुमदार चहाला आले.

सदाशिवराव हे मराठी मंडळाचे अध्यक्ष. तीन पिढ्या कलकत्त्यात. निवृत्त प्राध्यापक, धोतर बंगाली, आडनावही बंगाल्यांत खपून जाणारं, त्यामुळे जन्मभर कलकत्त्यात त्यांना कुणी मराठी समजलं नाही. म्हणूनच की काय, मराठीच्या बाबतीत ते फार कडक होते. त्यांनी बापलेकींचा हा संवाद दारातूनच ऐकला आणि चप्पल काढता काढता जाहीर केलं, "गायतोंडे, स्नेहसंमेलनात अर्धा तास तुमचा. विनोदी कार्यक्रम कुणाकडेच नाही. गेल्या वर्षी हसायला म्हणून जे ठेवलं होतं त्यात लोक झोपले."

श्यामकांत नाही म्हणणार होते. पण उजू पडद्याआडून म्हणाली, "मी पण?"

वर्षभरानं तिनं मंडळात यायची तयारी दाखवली होती. श्यामकांतांनी हो म्हटलं. ठरलं असं की उजूनं फक्त प्रश्न विचारायचे. दोन-तीन शब्दांचे, पाठ केलेले, चुकायला जागाच नाही असे. उत्तरं बाबा देणार.

आता, हे सन बहात्तर. फेब्रुवारीतला शेवटचा रविवार स्नेहसंमेलनाला ठरलेला, आणि मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक. रिंगणातल्या एका मोठ्या पक्षाची निशाणी त्या काळी गाय आणि वासरू होती. कलकत्त्यात मोकळी भिंत दिसली की तिच्यावर गाय रंगवलेली असे, खाली वासरू, आणि दुसऱ्या दिवशी विरुद्ध बाजूच्या लोकांनी त्या गाईला मिशा काढलेल्या असत. हे सगळं श्यामकांत रोज ट्राममधून बघत होते. पण आपली गाय वेगळी, ही त्यांची खात्री.

ती खात्री घालवली खालच्या मजल्यावरच्या चक्रवर्तीबाबूंनी. चक्रवर्तीबाबू निवृत्त हेडक्लार्क. सकाळी पेटीवर गायचे आणि दिवसभर सल्ला द्यायचे. जिन्यात श्यामकांतांनी सहज कार्यक्रमाचं सांगितलं, तर चक्रवर्तीबाबूंचा चेहरा पडला.

"गायतोंडेबाबू," ते आपल्या खास हिंदीत म्हणाले, "आप गवर्नमेंट सर्वेंट है. इलेक्शन का टाइम में स्टेज पे जाके गाय बोलेगा? परमिशन लिया?"

"पण विनोद आहेत हो. गोगलगाय, गोदाम..."

"आज गोदाम बोला, कल ट्रान्सफर!"

श्यामकांतांना झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी परवानगीचा अर्ज टाकला. न विचारता कार्यक्रम केला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण सरकारी नोकरीत एकदा विचारलं की मग विचारलेल्या गोष्टीला पाय फुटतात. तीन दिवसांत कागद परत आला: कार्यक्रमाची संहिता इंग्रजी भाषांतरासह तीन प्रतींत सादर करावी.

कोटीचं भाषांतर तुम्ही कधी केलंय? श्यामकांतांनी आठवडाभर डबा खाल्ल्यावर उरलेल्या वेळात ते केलं. 'गायब या शब्दाचा अर्थ अदृश्य असा आहे. या शब्दात गाय आहे. प्रसंगात नाही. येथे श्रोत्यांनी हसणे अपेक्षित आहे.' अशी एकूण चाळीस कलमं. टायपिस्टनं दुसऱ्या पानापर्यंत आल्यावर विचारलं, "सर, ही चौकशी कुणाची चालू आहे?"

वरचे साहेब नटराजन. अत्यंत शांत गृहस्थ. हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी श्यामकांतांना आत बोलावलं, सगळी पानं सावकाश वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि इंग्रजीत म्हणाले, "कलम बावीस. गाय गोव्याला जाते. सरकारी खर्चानं?"

"नाही सर. स्वतःच्या."

"ठीक. तसं लिहा."

चौथ्या दिवशी मंजुरी आली, तीन अटींवर. कार्यक्रम कार्यालयीन वेळेबाहेर असावा. त्यातून राजकीय अर्थ निघू नये. आणि निवडणूक पार पडेपर्यंत गाईबरोबर वासराचा उल्लेख येऊ नये. 'गाय एकटी असल्यास हरकत नाही.'

वासरं असलेल्या अकरा कोट्या गेल्या. त्यात उजूची सर्वांत लाडकी, तिनं स्वतः केलेली एक होती. श्यामकांतांनी ती वहीतून खोडली तेव्हा उजूनं विचारलं, "वासरूनं काय केलं?"

"वासरानं," कालिंदीबाई म्हणाल्या.

"काही नाही केलं," श्यामकांत म्हणाले. "ते लहान आहे, म्हणून गेलं."

उरली पत्रिका. एका शाळेचं सभागृह मिळत होतं, पण शाळेला छापील पत्रिका दाखवणं भाग होतं. आणि कलाकाराच्या नावापुढे हुद्दा हवा, हा सदाशिवरावांचा आग्रह. बंगाली छापखान्यांत देवनागरी खिळे नव्हते. शेवटी सियालदहजवळच्या एका गल्लीत हिंदी छापखाना सापडला. मालक पंडित जयप्रकाशजी, कपाळाला गंध, कानावर पेन्सिल. श्यामकांतांनी कागद दिला. वर मोठ्या अक्षरात 'गाईच्या गोष्टी', खाली 'श्यामकांत गायतोंडे, अधीक्षक, केंद्र सरकार, आणि कु. उज्ज्वला', आणि त्याखाली 'हसायला या'. पंडितजींनी कागद कपाळाला लावला. गाईचं नाव असलेलं काम ते आधी हातात घेत. श्यामकांतांनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

शनिवारी दोनशे पत्रकं आली. त्याच वेळी दूधवाला रामसेवक दारात होता. वीस वर्षं कलकत्त्यात, बालिगंज स्टेशनपलीकडे त्याचा खटाल, म्हणजे गाईम्हशींचा गोठा. श्यामकांतांना आयुष्यात प्रथमच आपलं नाव छापलेलं दिसत होतं. माणूसच आहे. त्यांनी गठ्ठ्यातली मूठभर पत्रकं न वाचताच रामसेवकाच्या हातात दिली आणि म्हणाले, "देखो, अपना प्रोग्राम है. सबको बताना."

रामसेवकानं ओळ न ओळ वाचली. मग त्यानं बादली खाली ठेवली आणि वाकून श्यामकांतांच्या पायांना हात लावला.

"हां, हां, बस," श्यामकांत संकोचून म्हणाले. जिना उतरणाऱ्या रामसेवकाकडे ते कौतुकानं बघत राहिले. साध्या माणसाला कलेची केवढी कदर!

पत्रक वाचलं कालिंदीबाईंनी, दुपारी. "अहो," त्यांनी हाक मारली, आणि तिच्यात असं काही होतं की श्यामकांत अर्ध्या दाढीनिशी बाहेर आले.

पंडितजी विद्वान माणूस. गिऱ्हाइकाच्या चुका तशाच छापणं त्यांना पाप वाटे. 'गोष्टी' हा शब्द अशुद्ध दिसल्यामुळे त्यांनी तो 'गोष्ठी' केला होता, आणि हिंदीत गोष्ठी म्हणजे विचारविनिमयाची सभा. 'हसायला' मध्ये अक्षरांची उलटापालट झाली असणार, हे ओळखून त्यांनी त्याचं 'सहायता' केलं होतं. पत्रक असं झालं होतं: 'गाय की गोष्ठी. श्यामकांत गायतोंडे, अधीक्षक, केंद्र सरकार. सहायतार्थ पधारें.'

"म्हणजे केंद्र सरकार गाईंच्या मदतीसाठी सभा घेतंय," कालिंदीबाई म्हणाल्या.

"नशीब वासरू नाही," श्यामकांत क्षीण आवाजात म्हणाले.

त्या दिवसांत शहरातले खटाल उठवून बाहेर नेणार अशी कुजबुज होती. कुठे, कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे सॉल्ट लेकच्या वाळूत, कुणी म्हणे त्याच्याही पलीकडे. हे श्यामकांतांना माहीत नव्हतं. रामसेवकाला दुसरं काही सुचत नव्हतं.

रविवारी सकाळी नऊ वाजता गायतोंडे कुटुंब सभागृहाशी पोचलं. फाटकाशी जवळजवळ चाळीस गवळी उभे होते. धुतलेली धोतरं, तेल लावलेले केस. त्यांच्या मध्ये शिंगांना गेरू लावलेली, गळ्यात घुंगरू बांधलेली एक पांढरी गाय. आणि गाईला टेकून, तिच्या पोटाखालून जगाकडे बघत, एक वासरू.

"रामसेवक!" श्यामकांत ओरडले. "हे, हे काय? वासरू कशाला आणलं?"

"बाबू," रामसेवक समजावणीच्या सुरात म्हणाला, "बछड़े के बिना गाय कैसे आएगी?"

एवढ्यात रस्त्यापलीकडून खाकी पँट आणि फुलाफुलांचा शर्ट घातलेला एक गृहस्थ आला. तो साध्या वेषातला पोलीस आहे हे रस्त्यावरचं शेंबडं पोर सांगू शकलं असतं. त्यानं गाय पाहिली. वासरू पाहिलं. मागच्या भिंतीवर रंगवलेली गाय आणि वासरू पाहिलं. खिशातून वही काढली.

"कोन पार्टी?" त्यानं विचारलं.

"पार्टी नाही, स्नेहसंमेलन," श्यामकांत म्हणाले आणि मंजुरीचा कागद पुढे केला. त्यानं तिसरी अट वाचली, वासराकडे परत एकदा पाहिलं, आणि आत जाऊन पहिल्या रांगेत बसला. एरवी अडीअडचणीला देवाचं नाव घेणारे श्यामकांत त्या क्षणी गोव्याचा विचार करत होते.

सभागृहात पुढे साठेक मराठी मंडळी, बायकांच्या डोक्यात गजरे. मागे चाळीस गवळी, मांडी घालून, अगदी शिस्तीत. मध्ये एक रिकामी रांग. सदाशिवराव दारात उभे राहून श्यामकांतांकडे अशा नजरेनं बघत होते की जणू ती गाय त्यांच्या प्रबंधात शिरली आहे. रामसेवक व्यासपीठावर चढला, त्यानं झेंडूचा जाडजूड हार श्यामकांतांच्या गळ्यात घातला आणि खाली उतरून हात जोडून म्हणाला, "साहब, अब आप ही बोलिए. हमारे खटाल का क्या होगा?"

श्यामकांत उभे राहिले. "नमस्कार," ते म्हणाले.

मग काही नाही. समोर चाळीस माणसं हात जोडून बसलेली. त्यांची गुरं, त्यांची घरं, पोटापाण्याचं सगळं त्या एका प्रश्नात. आणि आपल्या वहीत काय, तर गोगलगाय आणि गॉगल. श्यामकांतांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. वही उघडली ती उलटी. पहिल्या रांगेत पोलिसानं पेन सरसावलं. दुसऱ्या रांगेत स्मिता आपल्या मैत्रिणीच्या कानात काहीतरी म्हणाली आणि दोघी फिदीफिदी हसल्या.

"गाय कुठे गेली?" उजूनं विचारलं. ठरल्याप्रमाणे, अगदी स्पष्ट.

बाबा वही सुलटी करत राहिले.

"बाबा, गाय कुठे गेली?"

बाबा गप्पच. उजूनं त्यांच्याकडे पाहिलं, समोर पाहिलं, आणि एक पाऊल पुढे टाकून स्वतःच सांगितलं, "गायब!"

मराठी रांगांत थोडं हसू उठलं. मागच्यांचे चेहरे कोरे. उजूनं ते पाहिलं. जे घरात चार भाषांतून दिवसभर करायची तेच तिनं केलं. आवाज चढवून मागच्या रांगांना म्हणाली, "चाचा, गाय कहाँ गई? गायब!"

रामसेवकाच्या शेजारचा एक म्हातारा आधी हसला. मग सगळ्या रांगा हसल्या.

पहिल्या रांगेतला पोलीस एकटाच मख्ख होता. त्यालाही वगळायचं उजूच्या मनात आलं नाही. ती त्याच्याकडे वळली. "काकू, आमच्या खाली चक्रवर्तीदादू राहतात," ती बंगालीत म्हणाली. बंगालीत काकाला काकू म्हणतात, त्यामुळे मराठी बायकांत वेगळाच हशा झाला. "ते रोज सकाळी पेटी घेऊन बसतात आणि सांगतात, 'आमि गाइ!' म्हणजे मी गातो. पण माझे बाबा मराठी, त्यांना 'मी गाय' ऐकू येतं. ते वरून म्हणतात, बरोबर आहे, आवाजावरून कळलंच."

पोलिसाच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यानं खोकला म्हणून दाखवायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. उजू रंगात आली होती, पाठ केलेलं संपलं होतं, आणि ती मराठीत म्हणाली, "मग गाय दारात आला..."

"आला!" स्मिता मोठ्यानं म्हणाली. "माझा आई आला!"

मुलं हसली. काही मोठी माणसंही हसली. उजू थांबली. श्यामकांतांना तिच्या मानेवर चढत गेलेला लाल रंग दिसला. तिसऱ्या रांगेत कालिंदीबाई अर्धवट उठल्या होत्या. श्यामकांत पुढे झाले, तिचा हात धरून तिला आत न्यायला.

उजूनं हात सोडवून घेतला.

"बंगालीत आई पण एलो," ती म्हणाली, "बाबा पण एलो, गाय पण एलो. तिथे कोणी हसत नाही." ती क्षणभर विचारात पडली. विचार चालू असताना ती ओठ चावते, तसे चावले. "हिंदीत गाय आई. मराठीत गाय आली. म्हणजे..." आणि तिचा चेहरा एकदम उजळला, "म्हणजे हिंदीतली गाय मराठीत आली, की आई होते!"

मग सदाशिवराव मुजुमदार, जे गेल्या वर्षीच्या विनोदी कार्यक्रमात झोपले होते, ते दाराला टेकून असे हसायला लागले की त्यांचं उपरणं खाली पडलं. "आई! गाय आई!" ते डोळे पुसत म्हणाले, आणि मागे वळून गवळ्यांना हिंदीत समजावू लागले की मराठीत आई म्हणजे माँ. गवळ्यांना तो विनोद वाटलाच नाही. त्यांना ते सत्य वाटलं. त्यांनी जयजयकार केला. स्मिताही हसत होती, आता वेगळं. आणि हसता हसता हळूच टाळ्या वाजवायला लागली.

आता उजूला आवरणं अशक्य होतं. "आणखी एक," ती म्हणाली, आणि श्यामकांतांनी डोळे मिटून घेतले, कारण कुठली ते त्यांना कळलं होतं. "वासरूनं आईला विचारलं, आज जेवायला काय? आई म्हणाली, तेच!"

तिनं ती तिन्ही भाषांत सांगितली. पोलिसाचं पेन थांबलं होतं. मागून रामसेवक उठून उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "और ग्वाला बोला, पहले मैं!"

त्यानंतरच्या हशात खुर्च्या हलल्या. एका गवळ्यानं आपली गाय मालकिणीचा आवाज ऐकूनच कशी दूध देते ते सांगितलं, दुसऱ्यानं त्याची नक्कल केली, आणि उजूनं ते सगळं भराभरा मराठीत केलं, लिंग-वचनांची दाणादाण उडवत. कुणी चूक काढली नाही. ऐकायचं होतं ना पुढचं.

कार्यक्रम संपल्यावर श्यामकांत खाली उतरले आणि रामसेवकासमोर उभे राहिले. "रामसेवक," ते म्हणाले, "छापखान्याची चूक झाली. मी गाईंचा अधिकारी नाही. तुमच्या खटालाचं माझ्या हातात काही नाही."

रामसेवकाचा चेहरा उतरला. पण तो रागावला नाही. "फिर हम किसको बोलें, बाबू?" त्यानं नुसतं विचारलं.

श्यामकांतांना विनोद येत नसतील, भाषण तर नाहीच. पण अर्ज लिहिणं ही एक गोष्ट त्यांना येत होती. ते मंडळाच्या टेबलाशी बसले आणि त्यांनी सरकारी इंग्रजीत असा काही अर्ज लिहिला, की तो वाचून कुठल्याही अधिकाऱ्याला निदान उत्तर तरी द्यावं लागेल. खाली छत्तीस सह्या आणि चार अंगठे. ते अर्ज द्यायला फाटकाशी गेले, तेव्हा पांढऱ्या गाईनं मान लांब केली आणि त्यांच्या गळ्यातला हार खायला सुरुवात केली. श्यामकांत स्तब्ध उभे राहिले. सरकारी नोकरानं हार स्वीकारू नये, हा नियम निदान कुणीतरी पाळत होतं.

अर्जाची पोच महिन्याभरानं आली. खटाल त्या वर्षी तरी हलले नाहीत. ते अर्जामुळे की आळसामुळे, हे सांगता येत नाही. पोलिसांचा अहवाल मात्र गुरुवारीच नटराजनसाहेबांच्या टेबलावर आला. त्यांनी श्यामकांतांना बोलावून वाचून दाखवला: 'मुख्य वक्ता काहीच बोलला नाही. सबब आक्षेपार्ह काही नाही. वासराविषयीचे विधान एका अल्पवयीन मुलीने केले व ते वस्तुस्थितीला धरून होते.' साहेबांनी खाली सही केली, फाइल मिटली आणि खिडकीबाहेर बघत विचारलं, "गायतोंडे, वासरानं नेमकं काय विचारलं?" श्यामकांतांनी सांगितलं. साहेब म्हणाले, "ठीक. जाऊ शकता." दार लोटताना श्यामकांतांना आतून एक आवाज ऐकू आला, पण तो कसला, हे सांगायचं धाडस त्यांनी पुढे कधी केलं नाही.

पण हे नंतरचं. त्या रविवारी दुपारी तिघं ट्रामनं घरी निघाले. उजू खिडकीशी, मध्ये कालिंदीबाई, कडेला कॉलरला झेंडूच्या दोन पाकळ्या चिकटलेले श्यामकांत. ट्राम सुटली आणि उजूनं आईला कार्यक्रम सांगायला सुरुवात केली. आई तिसऱ्याच रांगेत होती, हे तिच्या गावीही नव्हतं. मराठीत सांगत होती. वर्षभराचं साठलेलं असावं, इतक्या वेगानं.

"आई, आधी ना, तो गाय फाटकात उभा होता..."

कालिंदीबाईंनी तोंड उघडलं. श्यामकांतांनी पाहिलं. मग कालिंदीबाईंनी ते मिटलं, आणि म्हणाल्या, "मग?"

मग काय. रासबिहारी गेलं, देशप्रिय पार्क गेलं. गरियाहाटचा थांबा आला, कंडक्टरनं घंटा वाजवली, चार माणसं उतरली, चार चढली. तिघांतलं कुणी उठलं नाही. ट्राम बालिगंज डेपोत जाऊन थांबली आणि कंडक्टरनं येऊन खांद्याला हात लावला, तेव्हा श्यामकांतांना कळलं. पुढची ट्राम कधी सुटेल याचा पत्ता नव्हता. डोक्यावर ऊन होतं. तिघं चालत परत निघाले. एका हाताला आई, एका हाताला बाबा, मध्ये उजू, बोलत.

घराचा जिना चढून दारात पोचले, तेव्हा तिच्या सांगण्यात कार्यक्रम अजून सुरू व्हायचा होता.